साहेबांचे पाणी

ओगराळे रांजणात बुडवायचे, ओठ न लावता पाणी वरून तोंडात सोडायचे, ते आधी उजव्या गालात, मग डाव्या गालात फिरवायचे, डोळे मिटून गिळायचे आणि म्हणायचे, "गोड हाये."

दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात रोज सकाळी हा विधी चाले. ओळीने मांडलेल्या प्रत्येक रांजणाचा असा निकाल लागे. कोर्टात निकाल द्यायला साक्षीदार लागतात, कागद लागतात. काकाजींना जीभ पुरे. आणि निकाल नेहमी एकच. पाणी नापास झाल्याचे मला आठवत नाही. ज्या परीक्षेत कोणी कधी नापास होत नाही तिला परीक्षा म्हणावे का, असे मी त्यांना एकदा विचारले होते. त्यांनी माझी कीव केल्यासारखे पाहिले.

"बाबू, तुमी नळाची माणसं. तुमाले चव काय समजन?"

तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल. त्याला एक गोष्ट खरोखर येत असते, आणि तेवढ्या भांडवलावर जगातल्या उरलेल्या सगळ्या गोष्टीही आपल्याला येतात असे त्याने ठरवून टाकलेले असते. अशा माणसाशी वाद घालणे कठीण. अगदी मूर्ख असता तर लोकांनी त्याचे ऐकले नसते. काकाजींचे सगळे ऐकत.

ही गोष्ट भिलाईच्या पोलाद कारखान्याचे बांधकाम जोरात चालू होते तेव्हाची. भट्ट्या उभ्या राहत होत्या, एकामागून एक सेक्टर आखले जात होते, मुरमाचा लाल धुरळा डाळीत आणि अंथरुणात सारखाच सापडे. मोठे हॉस्पिटल अजून व्हायचे होते. तोवर एका धर्मादाय मंडळाने पत्र्याच्या लांब शेडांमध्ये तात्पुरता दवाखाना चालवला होता. पुढे तो मोडला. त्याची आज खूणही नाही. काकाजी तिथले स्टुअर्ड. चादरी, भांडी, स्वयंपाकघर आणि पाणी त्यांच्या ताब्यात. धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी, आणि उन्हात काम करूनही कडक राहिलेली इस्त्री.

मी टाउनशिपच्या पाणीपुरवठ्यात होतो. ठिकठिकाणी जाऊन नळाचे पाणी तपासायचे हे माझे काम. काचेच्या बारक्या नळीत पाणी घ्यायचे, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाण्यात ब्लीचिंगचा अंश शिल्लक असेल तर ते पिवळे होते. पिवळे झाले की समजायचे, यात रोगाचे जंतू तगणार नाहीत. रंग आला नाही तर समजायचे, जंतूंना मारणारे यात काही उरलेले नाही. यापेक्षा सोपे काम सरकारने कोणाला दिले नसेल. तरीही ते समजावून सांगताना माझे अर्धे केस पिकले.

भिलाईत तेव्हा सगळे ग्रेडप्रमाणे मिळे. क्वार्टर ग्रेडप्रमाणे, त्यातल्या खोल्या ग्रेडप्रमाणे, शेजारीसुद्धा ग्रेडप्रमाणे. काकाजींनी दवाखान्यात पाणीही ग्रेडप्रमाणे केले होते. जनरल वॉर्डातल्या मजुरांना नळाचे पाणी: झाकणाच्या टाकीला तोटी, तोटीखाली ग्लास धरा, प्या आणि ब्लीचिंगच्या वासाने तोंड वाकडे करा. स्पेशल खोल्यांतल्या साहेबांना, त्यांच्या बायकांना, भेटायला येणाऱ्या बड्या मंडळींना रांजणातले. आया त्याला 'साहेब-पानी' म्हणत.

साहेब-पानी आकाशातून पडत नसे. तेही त्याच नळाचे. काकाजी ते पसरट घंगाळांत ओतून व्हरांड्यात उघडे ठेवत. दिवसभरात वास उडून जाई. वासाबरोबर आणखी काय उडून जाते हे मी त्यांना किती वेळा सांगितले असेल. मग ते पाणी रांजणात. रांजणाखाली वाळू, भोवती ओले गोणपाट, आत वाळ्याची जुडी. जुडी कधी बदलत नसत. "जुना वाळा मुरते, बाबू. नवा नुसता वास मारते." त्या मुरलेल्या वाळ्याला मी एकदा बोट लावले. शेवाळलेल्या पायरीसारखा बुळबुळीत लागला.

आता खरे ते सांगतो. ते पाणी मी प्यायलो आहे. वैशाखात पत्र्याखाली रोगी भाजून निघत असताना त्या रांजणातला एक ग्लास घशाखाली गेला की माणसाला आपले गाव आठवे. तसे पाणी मला पुन्हा कुठे मिळाले नाही. पण चव आणि निर्धोकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विषाला कडूच चव असते असे कोणी ठरवून दिलेले नाही.

शेवटी मी प्रत्यक्ष दाखवायचे ठरवले. व्हरांड्यातच दोन नळ्या घेतल्या. एकीत तोटीचे पाणी, दुसरीत रांजणातले. दोन्हींत थेंब टाकले. तोटीचे पाणी छान पिवळे झाले. रांजणातले जसेच्या तसे.

"पाहा, काकाजी," मी म्हणालो.

काकाजींनी दोन्ही नळ्या उजेडाकडे धरल्या. त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी स्वयंपाक्याला हाक मारली, आयांना हाक मारली.

"या, या, सगळे या! मी का म्हणत होतो? नळाचं पाणी पाहा, पिवळं धम्मक! अन् आपलं पाहा, काचेवानी!"

"काकाजी, उलटं आहे. पिवळं झालं ते चांगलं."

"पिवळं ते चांगलं?"

"हो."

"अन् निर्मळ ते खराब?"

"यात तसंच असतं."

"बाबू, घरच्या लक्ष्मीले असं पिवळं पाणी देता का प्यायले?"

स्वयंपाकी पोट धरून हसला. आया तोंडाला पदर लावून हसल्या. एवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी फेरीवर आले. हे दुर्गचे वकील, काळा कोट, बोटात पुष्कराज, वकिलीची पदवी भिंतीवर टांगलेली. त्यांनी दोन्ही नळ्या पाहिल्या, माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले, मान हलवली आणि म्हणाले, "आपकी बात ठीक होगी, पर भाई, मैं तो यह साफवाला ही पिऊँगा." काकाजींनी लगेच ग्लास भरून दिला.

अडाणी माणसाचे अज्ञान मी समजू शकतो. शिकलेल्या माणसाचे अज्ञान इस्त्री करून आलेले असते, त्याला सुरकुती पडत नाही.

त्या दिवसापासून काकाजी माझी वाटच पाहत. बडे पाहुणे आले की "बाबू, जरा तुमची ती काच काढा न," असा आग्रह. नळाचे पिवळे आणि आपले निर्मळ पाहुण्यांना दाखवायचे, मग ग्लास पुढे करायचा. एक रशियन इंजिनियर लागोपाठ दोन ग्लास प्यायला आणि त्याने काकाजींच्या पाठीवर थाप मारली. ती थाप काकाजी पुढे कित्येक महिने सांगत होते. माझ्या तपासणीची त्यांनी आपल्या पाण्याची जाहिरात करून टाकली. मी नळ्या काढायचे बंद केले. माझ्या साहेबांना सगळे सांगितले. साहेब म्हणाले, "नळाच्या तोंडापर्यंत पाणी आपलं. पुढे रांजण त्यांचे." एवढे बोलून त्यांनी पंखा वाढवला.

इथे एक गोष्ट काकाजींच्या बाजूने नोंदवली पाहिजे, कारण हिशोब एकतर्फी मांडणे मला जमत नाही.

मी आणि ते एकाच तालुक्याचे, आर्वीकडचे. त्या तालुक्यात माझ्या बापाला विहिरीच्या पायरीवर चढता येत नसे. कोणी दया करून वरून ओतेल तेव्हा खाली धरलेल्या घागरीत पाणी. नागपूरला दीक्षा घेऊन आम्ही बौद्ध झालो आणि मग मी नोकरीसाठी इकडे आलो. काकाजींना माझे आडनाव कळले त्याच दिवशी माझे सगळे कळले असणार. आमच्या भागात त्याहून जास्त माहिती लागत नाही. पुढच्या भेटीत ते काय करतात याची मी वाट पाहत होतो. त्यांनी रांजणातले ओगराळे काढले, ग्लास भरला आणि माझ्या हातात हात लागेल असा दिला. "घ्या, भाऊ. आपल्याकडची माणसं इथं कुठं भेटतात?" ज्या तालुक्यातल्या माणसांनी माझ्या बापाला विहिरीवर चढू दिले नाही, त्याच तालुक्यातला माणूस मला आपल्या रांजणातले पाणी आपल्या हाताने देत होता. आणि ते पाणी खराब आहे, हे त्याला सांगायची नोकरी नेमकी माझी होती.

मी सांगितले. वारंवार सांगितले. पण प्रत्येक वेळी ग्लास संपवून सांगितले.

ही विद्या त्यांनी आणली कुठून, हे मला एका जुन्या फिटरने सांगितले. अगदी सुरुवातीला, इथे नळ नव्हते, सेक्टर नव्हते, नुसते माळरान आणि तंबू होते, तेव्हा काकाजी मजुरांच्या कॅम्पात स्वयंपाकी होते. टँकरचे पाणी गरम आणि गढूळ येई. लू लागून माणसे कोसळत. काकाजींनी ओल्या वाळूत गळ्यापर्यंत माठ पुरले, पाणी निवळून, गाळून त्यात भरले आणि उन्हातून येणाऱ्या प्रत्येकाला दिले. "तो बुढ़ऊ नहीं होता तो आधे लोग भाग जाते," फिटर म्हणाला. तिथे कोणाला ग्रेड विचारला नाही. साहेब अजून आलेलेच नव्हते, म्हणून साहेबांचे पाणीही नव्हते.

मग नळ आले. नळाचे पाणी तोटी सोडली की हजर, आणि निर्धोक. काकाजींची विद्या सगळ्यांना नकोशी झाली. असा माणूस आपली विद्या टाकून देत नाही. ती उचलून जो सर्वात मोठा दिसेल त्याच्यापुढे नेऊन ठेवतो. तिथून पुढे ती विद्या राहत नाही, मुजरा होतो.

मी नळ्या काढायचे बंद केले त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात आणले. मुलगी झाली. बायकोला ताप भरला, दूध आले नाही, म्हणून बाळाला डब्याच्या दुधाची बाटली सुरू केली. दोघींना जनरल वॉर्डाला लागून असलेल्या बाळंतिणींच्या शेडमध्ये ठेवले होते. मला त्याचे बरेच वाटले. माझा ग्रेड लहान, म्हणजे पाणी तोटीचे. बाटलीचे पाणी सिस्टर उकळून देत. ग्रेड लहान असल्याचा आनंद झालेला माणूस साऱ्या भिलाईत तेव्हा मी एकटाच असेन.

काही दिवसांनी दुपारी गेलो तर बायको रडवेली.

"पोरगी सारखी पातळ करून राहिली. बाटली तोंडाले लावू देत नाई. डोळे पाहा न कसे झाले."

बाळाचे डोळे आत गेले होते. टाळू खोल दिसत होती. रडायला तोंड उघडत होते, पण आवाज नव्हता. मी उशाशी बसलो आणि मला वाळ्याचा वास आला. स्टुलावर ग्लास होता.

"हे पाणी कुठलं?"

"काकाजीनं धाडलं. रोजच धाडतात. म्हणे, आपल्या भाऊची लेक हाये, तिले नळाचं कावून?"

"तिले? बाटलीत?"

बायकोने आयाकडे पाहिले. आया अभिमानाने म्हणाली, "हौ बाबू. सिस्टर के पानी अब्बड तात रहिथे. त साहेब-पानी मिला के जुड़ो देथन."

म्हणजे सिस्टरने उकळलेले पाणी फार गरम, म्हणून ते निववायला अर्धे रांजणातले. सिस्टरने मारलेले जंतू काकाजी प्रेमाने परत घालत होते. मी माझी तपासणीची पेटी उघडली, ग्लासातले पाणी नळीत घेतले आणि थेंब टाकले. नळी काचेसारखी निर्मळ राहिली.

मी ओरडलो नाही. उठलो आणि दवाखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो, कोणाला जुलाब लागले आहेत ते विचारत. जनरल वॉर्डात पाय चिरडलेला क्रेनवरचा खलाशी, भाजलेले मजूर, हिवतापाचे रोगी. सगळ्यांचे अंग दुखत होते, पण पोट कोणाचे बिघडले नव्हते. स्पेशल खोल्यांत पहिल्या दारामागे एका इंजिनियराची सासू, दुसऱ्यात ठेकेदार, तिसऱ्यात कोणा बड्याचा मुलगा. सगळे वाकून, सगळ्यांच्या दाराशी भांडे. आणि आमच्या शेडमध्ये माझी मुलगी, फक्त माझी. भिलाईच्या रीतीप्रमाणे जुलाबही ग्रेडप्रमाणे वाटले गेले होते. माझ्या मुलीला तेवढी वशिल्याने बढती मिळाली होती.

स्त्रियांच्या वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई बंगाली, किडकिडीत, नेहमी घाईत. त्यांचा संशय दुधाच्या डब्यावर होता. मी त्यांना एवढेच सांगितले की तोटीचे पाणी पिणारे ठणठणीत आहेत आणि रांजणाचे पिणारे आजारी.

"रांजण का कौन-कौन पीता है?"

"जिनकी इज्जत है, वे सब."

त्या हसल्या नाहीत. तडक मागच्या व्हरांड्यात गेल्या. मी मागे. डॉक्टरीणबाई पाणी पाहायला आल्या म्हणून काकाजी उभ्याउभ्या फुलले. "आप पानी कैसे निकालते हैं, दिखाइए," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळे करून दाखवले, सणाच्या दिवशी करावे तसे. रांजण निम्मा रिकामा होता. ओगराळे तळाकडे नेताना हात मनगटापर्यंत पाण्यात गेला. तेच ओगराळे, तोच हात, पुढच्या रांजणात.

"बस," बाई म्हणाल्या. "इसके पहले आप क्या कर रहे थे?"

काकाजींना प्रश्न कळला नाही. ते सरळ म्हणाले, "चादरी मोजत होतो, बाई. मैली चादरें. धोबी के लिए."

"साबुन?"

काकाजींनी हात पुढे केले, उलटसुलट करून दाखवले. पंजे खरेच स्वच्छ दिसत होते. "पाण्यानं धुतले न. रांजणाच्याच पाण्यानं."

बाईंनी वाळ्याची जुडी बाहेर ओढली. तिच्याखाली पाण्यावर तवंग आला. बाई म्हणाल्या, "उस बच्ची को पानी किसने भेजा?"

"मीनं. खास भेजा."

"तो बीमारी आपके हाथ से गई है."

काकाजींनी माझ्याकडे पाहिले. आपल्याकडचा माणूस काहीतरी बोलेल असे त्यांना वाटले असावे. माझ्याजवळ होते ते सारे मी आधीच बोलून ठेवले होते.

"मी रोज पेतो हेच," ते हळू म्हणाले. "मले तं काई नाई झालं."

"आपके पेट को आदत है. वह अभी पैदा हुई है."

बाईंनी तिथल्या तिथे हुकूम दिले. रांजण रिकामे करा. सगळ्या दवाखान्याला एकच पाणी, झाकलेल्या टाकीच्या तोटीचे, त्यात कोणाचा हात जाणार नाही. बाटलीचे पाणी उकळून, झाकूनच निवेल. मैल्या चादरींना हात लावणारा साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्यापिण्याला शिवणार नाही. साध्या गोष्टी. कुठल्याही शाळेत शिकवतात. ज्यांना शिकवल्या होत्या तेच साहेब-पानी मागून पीत होते.

आणि मग त्या साहेबांचा पराक्रम पाहा. ठेकेदार म्हणाला, तो पहिल्यापासून घरचेच पाणी मागवत होता. इंजिनियरसाहेबांना रांजण नावाची वस्तू दवाखान्यात आहे हेच ठाऊक नव्हते. सेक्रेटरी दुर्गहून मोटारीने आले आणि म्हणाले, "मुझे तो शुरू से शक था." रांजण रिकामे करण्याचा हुकूम होता, यांनी फोडायला लावले, चौकात, सगळ्यांसमोर. जंतू काठीला भितात, असे वकिलीच्या पुस्तकात असेल. काकाजी खापऱ्या वेचत होते. रशियन थाप मिळालेल्या माणसाच्या मदतीला कोणी वाकले नाही. सेक्रेटरींचे बूट ओले झाले म्हणून मात्र शिपाई धावला.

मुलीच्या डोक्याच्या शिरेत सुई घालून सलाइन लावले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता लघवी होते का बघायचे. झाली तर पोर हाती लागली, नाही झाली तर सांगता येत नाही. लोक मुलांच्या पहिल्या पावलाची वाट बघतात. आम्ही लंगोट ओला होण्याची वाट बघत बसलो. बायको सारखी हात घालून बघायची. कोरडा. पुन्हा बघायची. कोरडा.

शेडच्या खिडकीबाहेर काकाजी उन्हात उभे होते. आत येत नव्हते. मी पाय मोकळे करायला बाहेर गेलो.

"भाऊ, ओली झाली का?"

"नाही अजून."

"मी तं चांगलंच देल्लं होतं न हो?"

धीर देणारे दुसरे काही सांगता आले असते. मला तसे बोलता येत नाही.

"चांगलं नव्हतं, काकाजी. गोड होतं."

त्यांनी मान हलवली. मी गेलो तरी ते तिथेच. परत खिडकीशी आलो की तोच प्रश्न: "ओली झाली का?" माझ्याच तोंडचा प्रश्न ते विचारत होते, आणि मला त्यांचा रागही नीट करता येईना. उन्हात त्यांच्या टोपीला घामाचा पांढरा काठ आला होता. आयाने तोटीचे पाणी नेऊन दिले. त्यांनी ग्लास घेतला, पण प्यायले की नाही ते मी पाहिले नाही.

उन्हे उतरू लागली तेव्हा आया आतून किंचाळली, "मूतिस! नोनी मूतिस गा!"

सारी शेड हसली. दोन खाटांपलीकडची तेलंगी बाळंतीण, तिला भाषा कळत नव्हती, तीही हसली. बायको ओल्या लंगोटात तोंड खुपसून रडू लागली. मी खिडकीशी गेलो. काकाजी खाली बसले होते, मुरमावर, त्या इस्त्रीच्या धोतरात, आणि दोन्ही हातांनी जमीन धरली होती.

मंडळाने त्यांना काढले नाही. काढायला कारण लिहावे लागले असते आणि कारणात सेक्रेटरींचे नाव आले असते. त्यांनीच नोकरी सोडली आणि आर्वीकडे निघून गेले. साहेबांपैकी कोणाला ते गेल्याचे कळलेही नाही. पुढे त्यांच्या गावच्या एका माणसाने ते वारल्याचे सांगितले. आमच्या भिलाईत त्यांनी पाणी पाजलेली माणसे अजून पुष्कळ असतील. त्यांतला एकही आज कबूल होणार नाही.

माझी मुलगी आता शाळेत जाते आणि नळाच्या पाण्याला वास येतो म्हणून कुरकुरते. मी कुरकुरू देतो.

तिला दवाखान्यातून घरी नेले त्या दिवशी काकाजी फाटकाशी उभे होते. सायकलरिक्षा आली होती. बायको बाळाला घेऊन त्यांच्यासमोर थांबली. मला वाटले, सरळ पुढे जाईल. तिने दुपट्यातले गाठोडे पुढे केले.

"घ्या न, काकाजी. धरा जरा पोरीले."

ते एक पाऊल पुढे आले. बाळाकडे पाहिले. मग आपले दोन्ही हात त्यांनी पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"नाई माय," ते म्हणाले. "तुयाजवळच राहू दे."

आम्ही रिक्षात बसलो. ते वाकून, जरा लांबूनच, दुपट्याच्या आत पाहत होते, गुरुजींसमोर उभ्या राहिलेल्या पोरासारखे. रिक्षा वळेपर्यंत मी मागे पाहिले. हात अजून पाठीमागेच होते.